विरहाच्या अभंगाचा अर्थ

प्रेम, त्याग आणि अनुताप ही अभंगात एकाच वाटेची तीन वळणे असतात. निळोबारायांचे चरित्र पाहावे. घोडनदीकाठच्या शिरूरशी त्यांचे नाते परंपरा सांगते. पूजेच्या आड चाकरी आली म्हणून त्यांनी कुलकर्णीपण सोडले, हा त्याग. तुकोबाराय १६५० साली वैकुंठाला गेले. निळोबांना देहाने गुरुभेट घडली नाही, ही हळहळ. तरी ते अन्नपाणी सोडून धावा करीत राहिले आणि गुरुकृपा झाली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे.

प्रापंचिक गीत गेलेल्यासाठी रडते. अभंग त्याला हाक मारतो. यवत, वरवंडच्या मुक्कामी विरहाचे अभंग गाताना हाच अर्थ मनी धरावा. हळहळ पावलात उतरली की तिचीच वारी होते.

रामकृष्णहरि.