शेवाळाचा गुप्त विवाह

पावसाळ्यांत जुन्या भिंतींवर जी हिरवी मखमल चढते तिला घरोघरीं शेवाळ म्हणतात, आणि डबक्यांतील तंतूंनाही तेंच नांव. असलीच गल्लत १७५३ सालीं वनस्पतींना शिस्त लावणाऱ्या लिनीयसकडूनही झाली. ज्यांचें फूल दिसत नाहीं अशा सर्व वनस्पती त्यानें चोविसाव्या वर्गांत कोंबल्या व त्या वर्गास 'गुप्तविवाही' म्हटलें. भिंतीवरील हरितांना तेथें स्वतंत्र गण मिळाला खरा. पण त्यांच्या चपट्या बहिणी, ज्यांना यकृतका म्हणतात, त्या पाणशेवाळांच्या पंगतीस बसल्या. शिवाय हरितेच्या देठावरील बोंडाला तो परागकोश समजला.

हा गुप्त विवाह उलगडला तो योहान हेड्विग या वैद्यानें. ट्रान्सिल्व्हेनियांत १७३० सालीं जन्मलेला हा मनुष्य सॅक्सनींतील केम्नित्स गांवीं रोगी तपासून पोट भरी व उरल्या वेळांत सूक्ष्मदर्शकाखालीं हरिता धरी. पानांच्या झुपक्यांत त्याला दोन प्रकारचे अवयव ओळखतां आले: एक गदेसारखा, नराचा, दुसरा लांब मानेच्या सुरईसारखा, मादीचा. तेव्हां बोंड हें फळाच्या जागीं ठरलें, आणि त्यांतील धूळ म्हणजे पराग नसून बीजुकें होत, हें कळलें. हें सर्व त्यानें १७८२ सालीं लायप्झिग येथें प्रसिद्ध केलें. १७९९ सालीं तो वारला. हरितांच्या जातींवरील त्याचा ग्रंथ १८०१ सालीं निघाला. दलदलींतील एक कुल वगळतां हरितांचीं शास्त्रीय नांवें आजही त्या ग्रंथापासूनच धरतात. लिनीयसचा शब्द येथें प्रमाण नाहीं!

पण विवाहानंतर पुढें काय, हें कोडें उरलेंच. तें त्याच लायप्झिग शहरांत विल्हेल्म होफमाइस्टर यानें सोडविलें. बापाच्या संगीतपुस्तकांच्या व्यवसायांत राबणारा, विद्यापीठाची पायरी न चढलेला हा तरुण दृष्टीनें फार अधू होता. वस्तु डोळ्यांशीं नेल्याशिवाय त्याला नीट दिसत नसे. सूक्ष्मदर्शकाला मात्र तें व्यंग बाधलें नाहीं. दुकानाच्या कामापूर्वीं, पहाटे, तो आपलें काम करी.

१८५१ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें दाखविलें कीं हरितेच्या आयुष्यांत दोन पिढ्या आळीपाळीनें येतात. हिरव्या पानांची पहिली. तिचीं नरबीजें पावसाच्या पाण्यांतून पोहत सुरईपर्यंत जातात. संयोग झाल्यावर आईच्याच अंगावर दुसरी पिढी उगवते, ती म्हणजे देठ व बोंड. ती कधींच वेगळी राहत नाहीं. बहुतांशीं आईच्या रसावर जगते, बीजुकें उधळते व वाळते. पावसाळ्यांत ओल्या कठड्यावर भिंग धरलें तर ही मायलेकींची जोडी कोणासही दिसेल. नेच्यांत मान उलटा आहे: मोठें झाड ही दुसरी पिढी, आणि पहिली नखाएवढी. पाइनसारख्या वृक्षांत तर ती बीजांडाच्या आंत दडून राहते. डार्विनचा ग्रंथ निघण्यास अद्याप आठ वर्षें होतीं; तरी हरितेपासून वृक्षापर्यंत सारें एका सूत्रांत ओंवलें गेलें.

हरिता, यकृतका आणि शृंगका यांचा संसार आज एकत्र मांडतात तो याच लक्षणावर, कीं तिघींच्याही घरीं पहिली पिढीच वरचढ. त्यांच्या जाति वीस हजारांच्या आसपास आहेत. खरीं मुळें नाहींत, वृक्षांसारख्या जलवाहिन्या नाहींत, म्हणून त्या जमिनीलगतच राहतात.

होफमाइस्टरला रोस्टोक विद्यापीठानें ग्रंथ निघाला त्याच वर्षीं सन्मानाची पदवी दिली. १८६३ सालीं हायडेलबर्ग येथें त्याला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नेमण्यांत आलें. परीक्षा त्यानें कोणतीच दिली नव्हती.