वाफ्यातील दोन शेजारी : झेंडू आणि कांदा

मराठी मुलखातील परसात किंवा विहिरीकाठच्या वाडीत झेंडू आणि कांदा बहुधा एकाच पाटाच्या पाण्यावर वाढतात. पाणी एक, माती एक, खुरपणारे हातही तेच. मात्र काढणी झाली की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. झेंडू दसऱ्याच्या तोरणात, लग्नाच्या मांडवात आणि चर्चच्या वेदीवर मानाने जाऊन बसतो. कांदा स्वयंपाकघरात जातो, आणि कित्येक घरांत व्रताच्या दिवशी त्याला तिथेही मज्जाव असतो. हे पाहणाऱ्याला सहज वाटेल की झेंडू हा या भूमीचा जुना, कुलीन रहिवासी असावा आणि कांदा कुठून तरी आलेला उपरा. इतिहास मात्र याच्या नेमके उलट सांगतो.

कांद्याचे मूळ मध्य आशियाकडे मानले जाते. तो माणसाच्या सहवासात इतका रुळला आहे की त्याची मूळ रानटी जात आज निश्चितपणे दाखविता येत नाही. इजिप्तमध्ये तो अन्न होता आणि अंत्यसंस्काराचे साहित्यही. इ. स. पूर्व बाराव्या शतकातील राजा चौथा रामसेस याच्या ममीच्या डोळ्यांच्या खोबणींत कांदे ठेवलेले आढळले. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने पिरॅमिडवरील एका लेखाची हकीकत दिली आहे. मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसूण यांवर १६०० टॅलंट चांदी खर्ची पडल्याचे त्या लेखात नमूद आहे, असे त्याला दुभाष्याने सांगितले. जुन्या करारातील गणना या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात वाळवंटातून चाललेले इस्राएल लोक इजिप्तमधील मासे, काकड्या, कलिंगडे, कांदे आणि लसूण आठवून हळहळतात. दास्यातून सुटलेल्या माणसांनाही कांद्याची चव विसरता आली नाही, हे त्या प्रसंगातील अगदी मानवी सत्य आहे.

भारतातही कांदा प्राचीनच. चरकसंहितेत 'पलांडु' या नावाने त्याचे गुण सांगितले आहेत. तथापि औषधशास्त्राने ज्याला जवळ केले त्याला आचारशास्त्राने दूर ठेवले. मनुस्मृतीने द्विजांना लसूण व कांदा वर्ज्य ठरविला. सातव्या शतकात भारतात हिंडलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूने लिहून ठेवले आहे की येथे कांदा व लसूण यांची लागवड थोडी होते आणि ते खाणाऱ्याला नगराच्या वेशीबाहेर घालवितात. म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ या मातीत राहूनही कांद्याच्या कपाळी वेशीबाहेरचे जिणे होतेच.

त्याला वेशीच्या आत आणले ते एका माळ्याने. सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचे संत सावता माळी इ. स. १२९५ मध्ये निवर्तले. आपल्या मळ्यातील कांदा, मुळा आणि भाजी यांतच त्यांना विठ्ठल दिसला, हे त्यांच्या अभंगामुळे मराठी माणसाला ठाऊक आहे. पंढरीची वाट न धरता वाफ्यातच ईश्वर पाहणारी ही दृष्टी किती धीट होती, हे वरील निषेधाच्या पार्श्वभूमीवर कळते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सावतोबांच्या मळ्यात कांदा होता, पण झेंडू नव्हता. असणे शक्यच नव्हते. त्या काळी झेंडू महासागरापलीकडे होता.

झेंडूची जन्मभूमी मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत त्याला 'सेम्पोआलशोचित्ल' म्हणत. त्या नावात वीस ही संख्या आणि फूल हे दोन शब्द आहेत. दाट, भरगच्च पाकळ्यांवरून ते पडले असावे. स्पॅनिश सत्ता आल्यानंतर बर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने अझ्टेकांचे आचार, सण आणि वनस्पती यांची माहिती त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच जाणत्या माणसांकडून लिहवून घेतली. त्या प्रचंड ग्रंथात हे फूल आहे. १५५२ साली त्लातेलोल्को येथील विद्यालयात मार्तिन दे ला क्रूस या अझ्टेक वैद्याने रचलेल्या वनौषधिग्रंथाचे हुआन बादियानो याने लॅटिन भाषांतर केले. हुआनही अझ्टेकच. हे हस्तलिखित पुढे व्हॅटिकन ग्रंथालयात पोहोचले आणि १९९० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते मेक्सिकोला परत दिले.

युरोपात झेंडू लवकर पोहोचला. जर्मन वनस्पतिज्ञ लिओनहार्ट फुक्स याच्या १५४२ सालच्या ग्रंथात त्याचे चित्र आहे. परंतु तिथे त्याच्या कुळाविषयी गोंधळच झाला. त्याच्या एका जातीला 'आफ्रिकन' म्हणू लागले, दुसरीला 'फ्रेंच', तर फ्रान्समध्येच त्याला 'हिंदुस्थानचे फूल' अशा अर्थाचे नाव मिळाले. तो या तिन्हींपैकी कुठलाच नव्हता. 'मेरीगोल्ड' हे इंग्रजी नावदेखील मुळात त्याचे नव्हे. पवित्र मरियेचे सोने या अर्थाचे ते नाव युरोपातील जुन्या कॅलेंडुला या फुलाचे. नवागताचा रंग तसाच पिवळाधमक पाहून लोकांनी तेच नाव त्यालाही बहाल केले. अशा रीतीने मरियामातेचे नाव कधीही न ऐकलेल्या भूमीतले एक फूल तिच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

आपल्या किनाऱ्यावर झेंडू आला तो पोर्तुगीजांच्या सागरी मार्गाने, असे अभ्यासक मानतात. गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. त्याच वाटेने मिरची, काजू, अननस, पेरू आणि बटाटा आले. यांतील काजू, अननस, पेरू आणि बटाटा यांनी आपली पोर्तुगीज नावे जवळजवळ तशीच राखली. झेंडूने मात्र नावही येथलेच घेतले. चेंडूसारख्या आकारावरून हिंदीत तो 'गेंदा' झाला, कन्नडात 'चेंडु हूवु' आणि मराठीत 'झेंडू'. १९२५ साली आचार्य अत्र्यांनी आपल्या विडंबनकवितांच्या संग्रहाला 'झेंडूची फुले' हे नाव दिले, तेव्हा हे फूल विदेशी आहे असे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल. उलट ते इतके घरचे झाले होते की त्याची थट्टा करता येत होती.

आता बागाईतदाराच्या नजरेने या दोघांकडे पाहू. झेंडू एका हंगामाचे झाड. बी पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलू लागते. शेंडा खुडला की फुटवे वाढतात आणि फुले अधिक मिळतात. कांदा मुळात दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी तो पोटात अन्न साठवून गड्डा धरतो आणि दुसऱ्या वर्षी फुलावर येऊन बी देतो. अवेळी फुलाचे दांडे, म्हणजे डेंगळे, आले तर शेतकऱ्याचे नुकसान ठरलेलेच. झेंडूचे सार्थक फुलण्यात, तर कांद्याचे न फुलण्यात.

दिवसाच्या लांबीशीही दोघांचे नाते परस्परविरुद्ध आहे. दिवस लहान होऊ लागले की झेंडूला बहर येतो. म्हणून पावसाळा सरताना, दसरा-दिवाळीच्या सुमारास तो भरभरून फुलतो. कांद्याला गड्डा धरण्यासाठी दिवसाच्या प्रकाशाचे ठरावीक तास लागतात, आणि उन्हाळी कांदा दिवस मोठे होत जातात तसा पोसतो. एक मावळतीचा हिशेब ठेवतो, दुसरा उगवतीचा.

मातीत मात्र दोघांचे चांगले जमते. भाजीपाल्याच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या काही सूत्रकृमींना झेंडूच्या मुळांतील द्रव्य मारक ठरते, हे डच संशोधकांनी १९५८ साली दाखविले. त्यासाठी कडेला चार रोपे पुरत नाहीत. त्या वाफ्यात आधी दोन-तीन महिने झेंडूचेच पीक घ्यावे आणि मग भाजी लावावी, हे उत्तम. कांद्याची मुळे उथळ असतात आणि त्याला सावली सोसत नाही. म्हणून झेंडू शेजारी लावायचा तर बांधावर, थोड्या अंतराने लावावा. देवघर आणि चूल यांतला भेद मातीला ठाऊक नाही. तिला फक्त अंतर आणि क्रम एवढेच कळते.

नवव्या शतकाच्या आरंभी आखलेला सेंट गॅलनच्या बेनेडिक्टाइन मठाचा आराखडा आजही स्वित्झर्लंडमध्ये जपून ठेवला आहे. त्यात भाजीच्या बागेचे अठरा वाफे आखले असून एक वाफा कांद्याचा आहे. रुग्णालयाजवळच्या औषधी बागेत गुलाब आणि लिली आहेत. एकाच भिंतीच्या आत भाकरीबरोबरची भाजी, औषध आणि फूल यांना जागा देणारी ही योजना साधी, पण अर्थपूर्ण आहे.

या दोन झाडांची तुलना करताना एक विचार मनात येतो. आपल्या समाजाला 'परका' हा शब्द अधूनमधून ऐकावा लागतो, आणि उत्तरादाखल आपणही किती पिढ्यांपासून येथे आहोत याचा हिशेब मांडू लागतो. झेंडू-कांद्याचा इतिहास सांगतो की हा हिशेबच अपुरा आहे. केवळ जुनेपणाने मान मिळत असता तर कांदा वेशीबाहेर राहिला नसता, आणि उशिरा येणे हा दोष असता तर झेंडू उंबरठ्यावर चढला नसता. ज्याने येथल्या ऋतूशी जुळवून घेतले, येथल्या माणसांच्या सुखदुःखात हजेरी लावली, त्याला या मातीने आपले म्हटले. आणि ज्याला आचाराने नाकारले, त्याला सावतोबांसारख्या एखाद्या श्रमिक संताने देवाच्या नावाने जवळ घेतले. यातला दुसरा धडा आपल्यालाही लागू आहे. वेशीबाहेर ठेवलेले कुणी आपल्याही आसपास असेल, तर त्याला आत घेणे हे आपले काम.

दर वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, मेक्सिकोतील कुटुंबे कबरींवर झेंडूच्या राशी वाहतात. त्याच दिवशी आपल्या धर्मग्रामांतील दफनभूमीतही मेणबत्तीच्या उजेडात झेंडूच्या माळा दिसतात. ती पूजा आटोपून घरी परतल्यावर चुलीवर जी फोडणी पडते, तिच्यात कांदा असतो. गेलेल्यांसाठी एक आणि उरलेल्यांसाठी दुसरा. वाडीत दोघांनाही एकेक वाफा असावा.