नाणेघाट : जकातीचा कीं पाण्याचा?

कल्याणलगतच्या विठ्ठलवाडीहून प्राचीन अवशेष पाहण्यास निघालेला मनुष्य बहुधा दक्षिणेस अंबरनाथाकडे वळतो. शिलाहार मम्मुणीच्या काळचा शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख व तें देवालय पाहतां हें योग्यच आहे. परंतु त्याहूनही सुमारें हजार वर्षें जुना असा एक अवशेष ह्याच परिसरांतून सुरू होतो. तो म्हणजे कल्याणाहून मुरबाडवरून वैशाखऱ्यास व तेथून नाणेघाट चढून जुन्नरास जाणारा मार्ग. हा मार्ग एकट्यानें, पाठीवर शिधा व पाणी घेऊन चालला असतां त्या घाटाविषयींच्या एका रूढ समजुतीचा फेरविचार करावासा वाटतो. तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. वाटसरूंकडून जकात घेऊन तिचें नाणें त्यांत टाकीत, व त्यावरूनच घाटास हें नांव पडलें, असें सांगतात. घाटांतील लेणें हें जकातनाकेंच होय, येथपर्यंत ही समजूत गेली आहे. लेण्यांतील लेखांत मात्र तिला आधार मिळत नाहीं. भगवानलाल इंद्रजींनीं व नंतर (१८८३ सालीं) ब्यूलरनें प्रसिद्ध केलेल्या सातवाहन राज्ञीच्या मोठ्या लेखांत अश्वमेधादि यज्ञांचें आणि दक्षिणेंत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण ह्यांचें वर्णन आहे. नाण्यांचा उल्लेख आहे खरा. पण तीं दानांत गेलेलीं आहेत, वसुलींत आलेलीं नव्हत. मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका व सातकर्णि, महारठी त्रणकयिर इत्यादि नांवें कोरलीं असून त्यांखालील पुतळ्यांचे केवळ पायांचे अवशेष राहिले आहेत. तेव्हां हें राजकुळाचें प्रतिमागृह होतें, एवढें लेखांवरून निश्चित म्हणतां येतें.

वाटसरूच्या दृष्टीनें ह्या घाटांतील खरी मोलाची वस्तु म्हणजे खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं. पावसाळा सरला कीं हा कडा कोरडा पडूं लागतो, आणि उन्हाळ्यांत चढणाऱ्यास पाण्यावांचून गति नाहीं. एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचा लहानसा लेख आहे. ही ‘पोढि’ आपलें धर्मदान होय, एवढेंच तो सांगतो. समुद्रकांठच्या बंदरांतला मनुष्य घाटमाथ्यावर पाण्याची सोय करतो, आणि लेण्याद्रीचें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त देतो. ह्या दोन लेखांवरून मार्गावरील येजा जशी स्पष्ट दिसते, तशी ती रांजणावरून दिसत नाहीं.

ह्याला परदेशांतही जोड आहे. पेरिप्लसकार म्हणतो कीं, सारगनाच्या वेळीं कल्याण हें रीतसर व्यापारी बंदर झालें होतें. पुढें संदनाच्या अमलांत तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात. आपल्या किनाऱ्याचा माल मिसरदेशीं बेरेनिकेस उतरला, म्हणजे नीलनदीवरील कॉप्टॉसपर्यंत उंटांवरून वाळवंटांतून जाई. प्लिनी हा प्रवास बारा दिवसांचा सांगतो. उन्हाच्या भयानें तो बहुतेक रात्रीं होई, आणि मुक्काम पाण्याच्या ठिकाणांवरून ठरत. म्हणजे वाळवंटांत काय आणि सह्याद्रींत काय, व्यापारी मार्ग पाण्याच्या आधारानेंच चाले.

येथें जकात कधींच घेतली गेली नाहीं, असें म्हणण्याचा हेतु नाहीं. रांजणावरून तें सिद्ध होत नाहीं, इतकेंच म्हणणें आहे. ज्यांच्या दप्तरांत कल्याण किंवा जुन्नर प्रांतांचे मोडी कागद असतील, त्यांनीं नाणेघाटच्या जकातीचा उल्लेख कोठें सांपडतो कां, हें अवश्य पाहावें. उत्तरकालीन एखाद्या कागदानेंही ह्या कथेचें वय ठरविण्यास मदत होईल.

आणखी एक विनंति. घाट पाहण्यास जाणारानें रात्रीचा मुक्काम माथ्यावरील घाटघर गांवीं करावा. लेण्यांत चूल पेटवूं नये. दोन हजार वर्षें टिकलेलीं अक्षरें आधींच झिजलीं आहेत. त्यांवर धुराचा थर बसल्यास पुढील वाचकास छापील प्रतीवरच विसंबावें लागेल, आणि संशयित अक्षर मुळाशीं ताडून पाहण्याची वाटच बंद होईल.