सोयरीक टीव्हीवाल्यांची

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलमध्ये मला खेळापेक्षा सोयरिकी जास्त आवडतात. तिथली कॉलेजं आपापल्या भावकीत, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, खेळतात. भावकीबाहेरचे सामने ज्याचे त्याने ठरवायचे. आता एक बलाढ्य कॉलेज दुसऱ्या बलाढ्याच्या दारी हरायला कशाला जाईल? ते आपलं एखाद्या लहानशा कॉलेजाला पैसे देऊन घरी बोलावतं आणि पाहुण्याला यथास्थित बडवून परत पाठवतं.

यावर १९९९ साली तोड निघाली. अटलांटिक किनाऱ्याकडची ए.सी.सी. आणि मधल्या अमेरिकेतली बिग टेन, या दोन मातब्बर भावक्यांचे दरवर्षी आपसात सामने लागू लागले. मध्यस्थ कोण? टीव्हीवाले ई.एस.पी.एन.! पण जोड्याच जुळेनात. ए.सी.सी.त कॉलेजं ९, अन् बिग टेनमध्ये ११. (नाव दहाचं, पानं अकरा!) दोघांना पाटावरून उठवणं आलंच. त्यातून २००८ पर्यंत ओळीने दहा वर्षं ए.सी.सी.च जिंकली, २००९ मध्ये बिग टेनने ६-५ असं एकदाचं नाक वर काढलं. २०१४ मध्ये मेरीलँड ए.सी.सी. सोडून बिग टेनमध्ये नांदायला गेलं, तर त्याच वर्षी त्याची गाठ घातली कुणाशी? व्हर्जिनियाशी, सख्ख्या माहेराशी! मध्यस्थ रसिक खरा.

२०२२ मध्ये बिग टेनने टीव्हीचे हक्क दुसऱ्यांना विकले आणि २४ वर्षांची सोयरीक मोडली. भांडण नाही, तंटा नाही. पोरांना विचारायची तर पद्धतच नाही. २०२३ मध्ये ए.सी.सी.चा एस.ई.सी.शी पाट लागला. मध्यस्थ तोच.