माधवराव सप्रे यांचा अज्ञातवास

रायपूरच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा आणि तात्यापारा या दोन वस्त्या एकमेकींना लागून आहेत. 'पारा' हा छत्तीसगढी शब्द. त्याचा अर्थ पेठ, आळी किंवा मोहल्ला. 1758 मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले. तेव्हापासून 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत, आणि त्यानंतरही, कारकून, वकील, शिक्षक, पुजारी अशी मराठी कुटुंबे या मुलखात येत राहिली. त्यांनी घरात मराठी जपली आणि दाराबाहेर हिंदी व छत्तीसगढी आपलीशी केली. माधवराव सप्रे हे या दुभाषी समाजाचे सर्वांत मोठे अपत्य. तात्यापाऱ्यात त्यांचे घर होते, आणि ब्राह्मणपारा-कंकालीपारा परिसरातील आनंद समाज वाचनालय ज्या सार्वजनिक जीवनातून उभे राहिले, त्याच जीवनाचे ते एक घडवणारे होते. असे असूनही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच भेटते. हिंदीत लिहिणारा म्हणून मराठीने त्यांना सोडून दिले. हिंदीनेही पुष्कळ काळ त्यांच्याकडे एका प्रांतातील संपादक एवढ्याच नजरेने पाहिले.

सप्रे यांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. पदवी मिळाल्यावर सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असतानाही त्यांनी तो घेतला नाही आणि पेंड्रा येथे राजपुत्राच्या शिक्षकाचे काम पत्करले. तेथूनच जानेवारी 1900 मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे, म्हणजे तिघेही मराठी. मासिक आधी रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात आणि पुढे नागपूरच्या देशसेवक छापखान्यात छापले जाई. वर्गणीदार अपुरे होते आणि तोटा वाढत होता. 1902 च्या अखेरीस ते बंद पडले. या तीन वर्षांच्या आयुष्यात त्याने हिंदीत ग्रंथसमीक्षेची शिस्त रुजवली. एप्रिल 1901 च्या अंकात सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही लहानशी कथा आली. एका निराधार म्हातारीची झोपडी जमीनदार बळकावतो. नातीसाठी चूल घालायची म्हणून ती त्या जागेतली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलून देण्याची विनंती त्यालाच करते. त्याला ती उचलत नाही. ज्या म्हातारीकडे कोणी पाहतही नव्हते, तिच्या एका टोपलीचा भार कथेला पुरतो.

1905 नंतर सप्रे नागपूरला आले. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'चा आवाज हिंदी भाषकांपर्यंत नेण्यासाठी 1907 च्या एप्रिलमध्ये त्यांनी 'हिंदी केसरी' काढले. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर महिनाभरातच, ऑगस्टमध्ये, सप्रे यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. मग जे घडले, त्याचा सल त्यांना पुढे आयुष्यभर राहिला. कुटुंबीयांच्या, विशेषतः थोरल्या भावाच्या आग्रहापुढे ते नमले आणि नोव्हेंबर 1908 मध्ये माफीपत्रावर सही करून सुटले. ज्यांचे शब्द आपण हिंदीत आणत होतो ते मंडालेच्या तुरुंगात, आणि आपण घरी, ही स्थिती त्यांच्यासारख्या माणसाला काय वाटली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. कालपर्यंत ज्यांच्या लेखणीची वाट पाहिली जात होती त्यांच्याकडे लोकांनी पाठ फिरवली. काहींनी निंदा केली. पण निंदेपेक्षा जड असते ते अनुल्लेखाने मारणे, आणि तेच अधिक झाले.

सप्रे यांनी समर्थनाच्या वादात न शिरता वर्ध्याजवळील हनुमानगढची वाट धरली. तेथे श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी साधूंच्या सहवासात ते सुमारे वर्षभर राहिले. मधुकरी मागायची, जप करायचा आणि दासबोधाची पारायणे करायची, असा दिनक्रम होता. एका पदवीधर संपादकाने झोळी घेऊन दारोदार उभे राहणे यात प्रायश्चित्ताचा भाग होता, हे उघड आहे. त्याला केवळ ईश्वरनिष्ठा म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि केवळ पलायन म्हणणे अन्यायाचे.

दासबोधच का, याचाही विचार करण्यासारखा आहे. वीस दशकांच्या या ग्रंथात तिसऱ्या दशकात माणसाच्या जन्मापासूनच्या फजितीची आणि त्रिविध तापांची रोखठोक हकीकत आहे, आणि लगेच चौथ्या दशकात नवविधा भक्ती येते. समर्थ भक्ताचे दुःख गोंजारत नाहीत. आधी स्वतःची परीक्षा करायला लावतात, मग शरण जायला सांगतात आणि पुढे प्रयत्नाला लावतात. टाकळीची तपश्चर्या आणि नंतरची देशभराची भ्रमंती, अशी जी चोवीस वर्षे परंपरा समर्थांच्या चरित्रात सांगते, तीही लोकांच्या नजरेआडची वर्षे आहेत. अपराधी मनाला हा गुरू सोपा नव्हता, पण योग्य होता. येथे एक भेद मात्र विसरता येत नाही. चोखोबांना देवळाबाहेर उभे केले ते समाजाने, त्यांचा काही अपराध नसताना. सप्रे यांचा अज्ञातवास काही अंशी त्यांनी स्वतः ओढवून घेतलेला होता. देव आपल्याला पाहतो हा विश्वास दोघांनाही आधार देणारा, पण दोघांना तो सारखाच मिळाला असे म्हणता येणार नाही. सप्रे यांना परतीची वाट होती.

त्या वाटेने ते रायपूरला परतले. तेथे त्यांनी रामदासी मठ उभारला, आणि 1911-12 च्या सुमारास जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली. मुलींची शाळा चालवणे हे त्या काळच्या रायपुरात टाळ्या मिळवून देणारे काम नव्हते. याच वर्षांतील त्यांची लेखनाची निवड अधिक बोलकी आहे. त्यांनी दासबोधाचे हिंदी भाषांतर केले. टिळक 1914 मध्ये मंडालेहून सुटले, 1915 मध्ये 'गीतारहस्य' मराठीत प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या हिंदी भाषांतराचे काम टिळकांनी सप्रे यांच्यावर सोपवले. 1916 मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतावरील ग्रंथाचे 'महाभारत मीमांसा' हे हिंदी रूप आले. तीन मोठे ग्रंथ, आणि तिन्हींवर मूळ नाव दुसऱ्याचे. भाषांतरकार हा वाङ्मयातला मधुकरी मागणारा माणूस आहे: अन्न दुसऱ्याच्या घरचे, श्रम आपले, आणि जेवणाऱ्याला त्याचा चेहरा आठवत नाही. ज्याला पूर्वी आपल्या नावाने बोलायची सवय होती, त्याने हा धर्म पत्करला, आणि तोही निष्काम कर्माचा सिद्धांत मांडणाऱ्या ग्रंथाची पाने उलटत. तो सिद्धांत त्यांनी वाचकांच्या आधी स्वतःसाठी तपासून पाहिला असणार. ज्या 1908 सालाने त्यांना टिळकांपासून तोडले, त्याच सालाच्या शिक्षेतून जन्मलेला ग्रंथ टिळकांनी त्यांच्या हाती दिला. क्षमेचे पत्र कोणी लिहिले नाही. त्याची गरजही उरली नाही.

नंतरचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1920 च्या जानेवारीत जबलपूरहून 'कर्मवीर' निघाले. त्यामागची प्रेरणा सप्रे यांची होती, संपादकाच्या खुर्चीवर मात्र त्यांनी माखनलाल चतुर्वेदींना बसवले. 1924 मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. तोवर त्यांची प्रकृती खालावली होती. 23 एप्रिल 1926 रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

'एक टोकरी भर मिट्टी' जुन्या अंकांत पडून राहिली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस 'सारिका'तून ती पुन्हा वाचकांपुढे आली, आणि हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात अभ्यासक तिचे नाव घेऊ लागले. तोवर म्हातारीच्या टोपलीला सहा दशकांहून अधिक काळ लोटला होता. 1984 मध्ये भोपाळला जुन्या वृत्तपत्रांचे जे संग्रहालय उभे राहिले, त्याला माधवराव सप्रे यांचे नाव देण्यात आले.