वायतुरा : फुलाचे नाव आणि जमिनीचे नाव

मराठीतील फुलांच्या नावांचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्याला 'वायतुरा' या नावापाशी थोडे थांबावे लागेल. नाव ऐकताना अस्सल देशी वाटते. 'वाय' म्हणजे वारा असावा, वाऱ्यावर डुलणारा तुरा असावा, असा अर्थ मनात येतो. प्रत्यक्षात हा 'वाय' रोमन लिपीतला आहे. पाण्यातून वर आलेला एक दांडा टोकाशी दुभंगतो, त्याचे दोन तुरे होतात आणि त्या अक्षराचा आकार तयार होतो. फिकट गुलाबी-जांभळट रंगाची बारीक फुले या दोन फाट्यांवर दाटीने बसलेली असतात. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर, अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या या फुलाला ओळखण्यासाठी आपण परक्या लिपीतले एक अक्षर उसने घेतले आहे.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कास पठारावरच्या फुलांच्या नावांत असे अनेक थर सापडतात. 'सीतेची आसवे' या नावामागे रामकथा आहे. 'गेंद' हे नाव फुलाचा आकार पाहून पडले. 'दीपकाडी' हे तर 'डिपकॅडी' या शास्त्रीय प्रजातिनामालाच मराठी पेहराव चढवून सिद्ध झालेले दिसते आणि 'कवला'ला अलीकडचे पर्यटक 'मिकी माऊस' म्हणून ओळखतात. पुराण, निरीक्षण, वनस्पतिशास्त्र आणि चित्रपट असे चार काळ एकाच पठारावर शेजारी शेजारी फुलतात. प्रश्न एवढाच, की वायतुऱ्याला नाव मिळायला इतका उशीर का झाला?

शास्त्रीय नावही उशिराचेच. जॉन ग्रॅहम यांची मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची 1839 मध्ये छापली गेली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ 1901 ते 1908 या काळात भागाभागाने आला. या दोन्ही ग्रंथांत हे नाव नाही. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या अभ्यासकांनी 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस' ही नवी जाती म्हणून तिचे वर्णन केले ते 1982 मध्ये, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. सातारा शहरापासून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर वाढणारी वनस्पती शास्त्राच्या दप्तरी दाखल व्हायला विसाव्या शतकाची शेवटची दोन दशके उजाडावी लागली.

या विलंबाचे एक कारण वनस्पतीच्या जीवनक्रमातच असावे. कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंच आहे. माथ्यावर जांभ्या दगडाचे कठीण कवच, त्यावर बोटा-दोन बोटांचा मातीचा थर. पावसाचे पाणी खडकाच्या उथळ खळग्यांत साचते. या खळग्यांतल्या चिखलात वायतुऱ्याचे कंद असतात. पावसाळा सुरू झाला की ते अंकुरतात, पाने धरतात, फुलतात, बी धरतात. पाऊस सरला की तळी आटतात आणि पाने नाहीशी होतात. उन्हाळ्यात तेथे जाणाऱ्याला तापलेला काळसर दगड आणि वाळके गवत यांखेरीज काही दिसत नाही. महाबळेश्वरला हवा खाण्यास जाणाऱ्या साहेबांचा हंगाम पावसाच्या तोंडाशी संपे. जमीनमोजणीचा हंगामही उघडिपीचाच. या पठारांची पारख प्रामुख्याने त्यांच्या निद्रेच्या काळात झाली.

येथे फुलाच्या नावाकडून जमिनीच्या नावाकडे वळावे लागते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीनमोजणी 1835 मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिच्या नियमांना स्थिर रूप आले. सातारा संस्थान 1848 मध्ये खालसा झाल्यावर तो मुलूखही याच व्यवस्थेखाली आला. मातीचा पोत, खोली, पाणी पाहून जमिनीची प्रत ठरवावी आणि त्यावरून आकार बसवावा, हे या व्यवस्थेचे सूत्र. ज्या तुकड्यातून पीक येत नाही, त्यावर आकार नाही. एखाद्या क्रमांकातील लागवडीस अयोग्य भागाला मराठी दप्तराने शब्द दिला : 'पोटखराबा'. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तो आजही आहे. करआकारणीच्या दृष्टीने शब्द चोख आहे, रयतेच्या सोयीचाही आहे. परंतु शब्द दप्तरात राहत नाहीत. 'आकारणीस अपात्र' याचा अर्थ हळूहळू 'निरुपयोगी' असा होतो आणि निरुपयोगी जमिनीचे काहीही केले तरी चालते. देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह 2000 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही उघड्या खडकाची जमीन हा एक वर्ग होताच.

लोकभाषेत मात्र या जमिनीसाठी दुसरे शब्द होते. 'सडा', 'कातळ', 'पठार', 'माळ' या शब्दांत निंदा नाही. त्यांत चाल, चराई, पाणी यांचा अनुभव आहे. व्यवहारात मात्र दप्तराचा शब्द वरचढ ठरला. कोल्हापूर जिल्ह्यात अशाच जांभ्याच्या माथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी आल्या. साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्या आणि त्यांच्यासाठी रस्ते आले. जमीन सुधारण्याची सदिच्छाही येथे घातक ठरू शकते : खळगा खोदून बारमाही तळे केले, किंवा उघड्या माथ्यावर माती टाकून झाडे लावली, तर उथळ आणि हंगामी पाण्यावर जगणारा कंद तेथे टिकणे कठीण. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत वायतुऱ्याची नोंद संकटग्रस्त जाती म्हणून आहे. त्याचे क्षेत्र मुळातच मोजक्या पठारांपुरते आहे, तेव्हा एकेका खळग्याला मोल आहे.

कासला 2012 मध्ये पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याने प्रतिष्ठा आली, आणि गर्दीही. कुंपण घातले गेले आणि पुढे त्या कुंपणाविषयीच वाद झाला, कारण गुरांची चराई थांबली की गवत माजते, असा आक्षेप होता. शिवाय सर्व पठारे कास नाहीत. 1971 च्या रामसर कराराने पाणथळीच्या व्याख्येत तात्पुरत्या पाण्यालाही स्थान दिले. परंतु आपल्याकडील 2010 च्या पाणथळविषयक नियमांत 2,500 मीटरांहून कमी उंचीवरील पाणथळीसाठी सर्वसाधारण मर्यादा 500 हेक्टर होती. 2017 मध्ये नवे नियम आले. हेक्टरांच्या अशा मापात वीतभर खोलीचा खळगा बसायचा कसा?

साहित्याच्या अभ्यासकांना यात काय, असे कोणी विचारील. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कविसमयांची चर्चा करताना सांगितले आहे, की नद्यांत कमळे नसतानाही कवी ती तेथे वर्णितात. नसलेले पाहण्याची ही परंपरा आपण आदराने शिकवतो. तिची दुसरी बाजू म्हणजे असलेले न पाहणे, आणि त्या बाजूला कवी एकटे नाहीत. कारकून आणि मोजणीदारही आहेत. कमळ-कुमुदांच्या सरोवराला काव्यात जागा होती, पिकाऊ शेताला दप्तरात होती. वर्षातून काही आठवडे भरणारे खडकावरचे पाणी दोन्हीकडून सुटले. 'पोटखराबा' हा शब्दही कविसमयाइतकाच संकेत आहे, हे ओळखणे भाषेच्या विद्यार्थ्याला अवघड जाऊ नये.

आता त्या पाण्यातल्या फुलाला नाव आहे, मग ते उसन्या अक्षराचे का असेना. ते ज्या जमिनीवर उगवते, तिच्यासाठी सडा, कातळ, माळ हे शब्द आपल्याजवळ आधीपासूनच आहेत. उताऱ्यावर मात्र ते अजून पोचलेले नाहीत.