मांडवीची जुनी मशीद

जळगाव-धुळ्याकडचा दुकानदार सुकामेवा, मसाले किंवा कटलरीचा घाऊक माल घ्यायला मुंबईत मस्जिद बंदरला उतरतो. सीएसएमटीच्या अलीकडचे हे स्थानक. जवळपासच्या एखाद्या मशिदीवरून हे नाव पडले असावे, असे आपण धरून चालतो. मशिदी तिथे आहेतही. पण या नावाची जी हकीकत सर्रास सांगितली जाते, तिच्यातली मशीद यहुद्यांची आहे.

मांडवीतल्या सॅम्युअल स्ट्रीटवर, हातगाड्या आणि गोदामांच्या गर्दीत, 'शाआर हारहामीम' म्हणजे 'दयेचे द्वार' हे सिनेगॉग आहे. मुंबईतले हे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी यांनी स्थापन केले. आजच्या जागी ते १८६० मध्ये आले. बेने इस्रायल लोक आपल्या इबादतखान्याला मशीदच म्हणत. पुढे शेजारच्या गल्लीत दुसरे सिनेगॉग झाले, तेव्हा पहिली 'जुनी मशीद' ठरली आणि दुसरी 'नवी मशीद'. वस्तीचे नाव इस्रायल मोहल्ला. मशीद आणि मोहल्ला हे दोन्ही शब्द आपल्या घरातले, आणि वापरणारे मराठी बोलणारे यहुदी!

दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत कमांडंट होते. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत ते टिपू सुलतानांच्या कैदेत सापडले. त्यांच्या सुटकेची कथा बेने इस्रायल घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कैद्याने आपली जात 'बेने इस्रायल' सांगितली. सुलतानांच्या वालिदा म्हणाल्या, ज्यांचे नाव आपण कुरआनात वाचतो ते लोक आपण कधी पाहिले नाहीत, याचा जीव घेऊ नका. जिवंत परतलो तर अल्लाहचे घर बांधीन, असा नवस दिवेकरांनी केला होता, तो त्यांनी मुंबईत फेडला. या कथेला कागदाचा पुरावा मागणे इतिहासाच्या अभ्यासकाला भागच आहे. मला मात्र ती कथा कोणी जपली, हे अधिक महत्त्वाचे वाटते. सुलतानांची ही नेकी यहुद्यांनी सांगत ठेवली. आपल्यापैकी कितीजणांना ती ठाऊक आहे?

हे लोक कोकणातून आले. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असे ते मानतात. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. आडनावे पेणकर, केहिमकर, राजपूरकर. नवस फेडताना हजरत इलियास (अलै.) यांच्या नावाने ते मलिदा करतात. आपला मलिदा चपाती कुस्करून होतो, त्यांचा पोह्यांत खोबरे आणि साखर घालून.

उर्दू शाळेत शिकवताना एक गोष्ट खटकते. 'यहुदी' हा शब्द पोरे भांडणात शिवीसारखा वापरतात. फिलिस्तीनवरच्या जुलमाचा राग खराच आहे आणि असायलाच हवा. पण त्या रागाचा मांडवीच्या तेल्याशी काय संबंध? भायखळ्याला, बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी १८६० च्या दशकात बांधलेल्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातच सर जेकब ससून शाळा आहे. तिथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत.

१९५० च्या सुमारास बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. त्यानंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे मात्र धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. त्यांना धरणे धरावे लागले, आणि १९६४ मध्ये कुठे पूर्ण मान्यता मिळाली. सुलतानांच्या वालिदांना, कथेपुरते का होईना, एक नाव पुरले होते.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. आता इथे उरलेले काही हजार लोक मुख्यतः ठाणे आणि मुंबईच्या उपनगरांत राहतात. मांडवीत गोदामे वाढली, घरे गेली. त्यांच्या जमातीच्या नमाजेला किमान दहा पुरुष लागतात, आणि जुन्या मुंबईतल्या सिनेगॉगमध्ये ते दहा जमवणे आता कठीण होऊन बसले आहे.